कोल्हापूर ते लातूर, पाऊण तास

आमच्या युसूफ वडगावाकडं दुष्काळ पडला की ऊस करपायचा, सहकारी कारखान्याचं धुराडं गप व्हायचं आणि माणसं कोयता घेऊन कोल्हापूरच्या बाजूला तोडीला जायची. माय आणि अप्पा कित्येक हंगाम गेले. त्यांच्यामागं फिरता फिरता मी तिकडंच राहिलो आणि कोल्हापूरच्या विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या ओढायला लागलो.

अप्पांना त्याचं कोण कौतुक! एकदा फोनवर म्हणाले, "आरं, तिथून आपलं लातूर इमानानं किती लांब?" मी साहेबांना विचारलं. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, लहान विमानाला पाऊण तास. तेवढंच मी अप्पांना सांगितलं. या दोन गावांत विमान उडतच नाही, हे सांगितलं नाही. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी! अप्पांनी पारावर तो पाऊण तास इतक्यांदा सांगितला की गाव मला 'इमानवाला' म्हणायला लागलं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वैशाखातल्या एका सकाळी आठला धाकट्या भावाचा फोन आला. माय गेली होती. अप्पांनी त्याच्या हातातून फोन घेतला. "थोरल्यानं तोंडात पाणी घातल्याबिगर माती करायची न्हाई. पाऊण तास इमान, दीड तास जीप. भावकीला सांगितलंय, दुपारपस्तोर येतो म्हून." तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "निघालोच," म्हणालो आणि एसटी स्टँडकडं पळालो.

दीडला सोलापूरच्या स्टँडवर भावाचा पुन्हा फोन. "दादा, कुठं हायस? अप्पा कुनाला हात लावू देईना."

"इमानाला उशीर झालाय."

मागं कंडक्टर 'बार्शी, बार्शी' ओरडत होता. भावानं ते ऐकलं. मग हळूच म्हणाला, "आता तूच सांग अप्पाला," आणि त्यानं फोन त्यांच्या कानाला लावला. मी तोंड उघडायच्या आत अप्पाच म्हणाले, "येऊ दे सावकाश. मी हाय हितं." मी फोन बंद केला. माझ्याइतका भेकड माणूस मी पाहिलेला नाही.

दिवेलागणीला गावात पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. भावानं दारातच सगळं सांगितलं. टँकर चार दिवसांत फिरकला नव्हता. घरात दोन हंडे पाणी होतं. अप्पा चादर भिजवून मायच्या अंगावर टाकत होते, वाळली की पुन्हा भिजवत होते. चुलता ओरडला, "का आसं करतोस रं, ऊन बघ की!" अप्पांनी ऐकलं नाही. पाचला तिला उचललं. तिच्या तोंडात घालायचं पाणी शेजारच्या घरून वाटीभर मागून आणावं लागलं. ते भावानं घातलं.

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो. रडं आवरत नव्हतं.

"अप्पा, तिथून लातूरला इमान न्हाईच. कधीच न्हवतं."

त्यांनी रिकाम्या हंड्यांकडं पाहिलं.

"पाणी सरलं रं," ते म्हणाले. "न्हाईतर तिला अजून ठिवली आसती."