'व्हय' म्हणणारा हात

मी मुळात भित्री बाई. पालीला भिते, लिफ्टला भिते, फोन अवेळी वाजला की छातीत धस्स होतं. त्यामुळे पुण्याहून नांदेडच्या गाडीत भीत भीतच बसले, यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच, की या खेपेला भीतीचं कारण पर्समध्ये होतं आणि ते चक्क एका चांगल्या बातमीचं पोस्टकार्ड होतं.

"पंचफुलाचा हात बरा झाला. दुखायचं बंद झालं. हळद शिजवायच्या कढईवर कामाला जाऊन राहिली. तुमचे लई उपकार. गौतम."

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. त्या आधीच्या दसऱ्याच्या सुमाराला हिंगोलीकडे मोठं वादळ झालं, घरावरचा पत्रा उडाला आणि पंचफुलाच्या उजव्या कोपराखाली बसला. करंगळीकडे जाणारी नस तुटली. गौतम हा तिचा नवरा, गवंडीकाम करणारा. तो तिला घेऊन थेट पुण्याला आला आणि आमच्या सर्जननं नस शिवली. मी सर्जन नव्हे. तुटलेल्या नसा पुन्हा कशा वाढतात, याचा अभ्यास करणारी मी. नव्वदीची सगळी वर्षं मी उंदरांच्या मागच्या पायातली नस कापण्यात आणि ती परत वाढताना बघण्यात घालवली. त्यातून शिवणीभोवती एक बारीक नळी बसवायची पद्धत निघाली. ती माणसांवर करून बघायची रीतसर परवानगी मिळाली, तेव्हाच्या पहिल्या मोजक्या रुग्णांत पंचफुला होती.

नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कोपराखालून करंगळीच्या टोकापर्यंत यायला वर्ष तरी लागतं. संक्रांतीनंतर ती तपासून घ्यायला आली, तेव्हा मी तिला डोळे मिटायला लावले, करंगळीला नायलॉनचा दोरा टेकवला आणि विचारलं, "लागलं का?" ती म्हणाली, "व्हय." दहा वेळा टेकवला, दहाही वेळा व्हय. तीन महिन्यांत! मला आभाळ ठेंगणं झालं. मनात शंकेची पाल चुकचुकली, नाही असं नाही, पण मी त्या पालीला हाकलून दिलं, हात बरा झाला असं पंचफुलाला सांगितलं आणि निबंध लिहून टाकला. तो आता दहा दिवसांनी दिल्लीच्या परिषदेत वाचायचा होता.

पोस्टकार्ड आलं आणि पाल परत आली. कढई म्हणजे उकळतं पाणी. हाताला खरंच कळत असेल तर ठीक. कळत नसेल तर?

नांदेडला उतरून हिंगोलीची एसटी पकडली. वारंगा फाट्याला गाडी थांबली, तशी सगळी माणसं खिचडीच्या हॉटेलाकडे धावली. मीही उतरले. वाफाळती खिचडी, वर लोणचं आणि मिरचीची भजी. पहिला घास तोंडात घातला आणि समोरून माझी एसटी हलली! आत माझी बॅग, बॅगेत तपासणीचं सगळं सामान. मी प्लेट हातात धरूनच मागे पळाले.

कंडक्टर खिडकीतून ओरडला, "अवो बाई, सावलीत लावून राहिलो गाडी! पळून न्हाई चाललो!"

फाट्यावरची झाडून सगळी माणसं हसली. हॉटेलवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाला, "एवढं काहून भिऊन राहिल्या? कुठं जायचं?" मी सांगितलं, एका बाईच्या हाताची नस बघायला चालले. झालं! त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पोटरीवरच्या निळ्या, फुगलेल्या गाठी दाखवल्या. "माझ्या बी नसा बघा की." शेजारचा ट्रकवाला म्हणाला, त्याच्या मानेतली नस चढली आहे. एकाची रक्ताची, दुसऱ्याची स्नायूची, आणि मला हवी ती तिसरीच, मज्जातंतूची. तिन्हींना नाव एकच. मी दोघांना दवाखान्यात जायला सांगितलं आणि गाडीत येऊन बसले. 'नस जोडली' असं आम्ही पंचफुलाला सांगितलं होतं, त्यातून तिला काय कळलं असेल, हा विचार तोवर माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

हिंगोलीला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) हळदीची पोती उतरत होती. हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. एरवी मी तिथं तासभर रमले असते. त्या दिवशी काळी-पिवळी जीपमध्ये जागा मिळवली आणि ड्रायव्हरला गावाचं नाव सांगितलं.

"कुणाकडं?" त्यानं विचारलं.

"पंचफुलाबाईंकडे. गौतम गवंडी आहेत ना, त्यांच्याकडे."

"हां, पंचफुलाबाई! त्यायचा हात तर लई गाजून राहिला. शिजती हळद कढईतून उचलून बोटानं दाबतात. चटकाच लागत न्हाई बाईला."

बाकीची माणसं कौतुकानं हसली. मी समोरचा लोखंडी दांडा घट्ट धरला. रस्त्याच्या कडेनं सिद्धेश्वर धरणाचा कालवा वाहत होता, पलीकडे गव्हाची कापणी चालली होती. जीप खड्ड्यातून जाताना मी मनात एकच घोकत होते: डाव्या हातानं करत असेल, बाई. देवा, डाव्या हातानं करत असेल.

गावाबाहेरच्या शेतात कढई धडधडत होती. कढईवर हळदीच्या पाल्याचा ढीग, खाली जाळ, आणि वाफेला कडवट वास. पंचफुला पाठमोरी उभी होती. माझ्या डोळ्यांदेखत तिनं झारा वर काढला, त्यातलं हळदीचं एक कांडं उचललं आणि करंगळीनं दाबून बघितलं. उजव्या हातानं. करंगळी आणि हाताची कड गरम झाऱ्याला चिकटली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"अगं, हात काढ!" मी किंचाळले.

ती दचकली, वळली आणि तोंडभर हसली. "जयभीम म्याडम! तुमी? पत्र पोचलं व्हय?"

गौतम बाजेवर चादर अंथरायला धावला. चहा आला. मी मात्र तिचा हात सोडत नव्हते. तो मनगटापर्यंत हळदीनं पिवळा झाला होता. लाल असेल तर दिसणार कसं? मी पाणी मागवलं, साबण मागवला आणि करंगळी धुवायला घेतली. पिवळा थर निघाला, तशी खाली पांढरी पडलेली कातडी दिसली. टोकाचं पेर काळं पडलं होतं. तिथं वास येत होता.

"कधीचं हे?"

"कायचं?" ती म्हणाली. "दुखत तर न्हाई. दुखलं असतं तर सांगितलं असतं की."

ती खरंच बोलत होती, तेच भयंकर होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं सगळ्या गावानं धरलं होतं, आणि ज्या हाताला काहीच कळत नाही त्याच हाताला कढईचं काम दिलं होतं.

मी दोरा काढला. तिला डोळे मिटायला सांगितलं. करंगळीच्या बुडाला टेकवला. "लागलं का?"

"व्हय."

तळहाताच्या कडेला. "व्हय." परत करंगळीला. "व्हय."

मग मी दोरा खिशात घातला, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आता लागलं?"

"व्हय," पंचफुला म्हणाली.

उंदीर बरा. चटका लागला की पाय ओढतो, नाही लागला तर नाही ओढत. तो कुणाचं मन राखत नाही. संक्रांतीचे ते दहा व्हय, माझा निबंध, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं.

"डोळे उघड," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी शिवलेसुद्धा नाही तुला. मग व्हय का म्हणालीस?"

ती ओशाळली. पदर तोंडाला लावून गौतमकडे बघायला लागली. तोच म्हणाला, "म्याडम, मोठ्या माणसानं विचारलं तर आमच्यात व्हय म्हणत्यात. म्हंजे, ऐकून राहिलो, बोला पुढं."

"आन तुमी केवढ्या आशेनं विचारत होत्या," पंचफुला हळू आवाजात म्हणाली. "तोंड बघून न्हाई म्हणवत नव्हतं, बाई."

रागावले होते तिच्यावर, पण राग जिथं बसायला हवा तिथं मीच बसले होते.

मग तीच म्हणाली, "लागलं का, असं इचारू नका. कुठं लागलं ते इचारा. मंग कसं खोटं सांगावं मानसानं?"

इतक्या वर्षांत मला जे सुचलं नव्हतं, ते तिनं चहाच्या कपात फुंकर मारता मारता सांगितलं. मी परत डोळे मिटायला लावले. कुठं? गप्प. कुठं? गप्प. करंगळीला, तळहाताच्या कडेला, सगळीकडे गप्प. गौतमचा चेहरा उतरत चालला. मग मी कोपराखालच्या व्रणापासून बोटानं टिचक्या मारत खाली सरकले. मनगट चार बोटं राहिलं होतं, तिथं टिचकी बसली आणि ती ओरडली, "आगं माय! वीज गेली करंगळीत!"

"कुठं?" मी विचारलं.

"करंगळीत! टोकाला!"

वाढत्या नसेचं टोक तिथपर्यंत आलं होतं. पाच महिन्यांत येईल तितकंच, ना कमी ना जास्त. आमच्या नळीनं चमत्कार केला नव्हता, पण नस चालत होती. हे मी दोघांना समजावून सांगितलं. अजून सहा-सात महिने हा हात जाळाजवळ न्यायचा नाही, हेही बजावलं.

"आन हे पेर?" गौतमनं विचारलं.

मी करंगळीला स्वच्छ फडकं गुंडाळलं. जीप परत जायच्या आत आम्ही तिघं तिच्यात बसलो.

हिंगोलीच्या एका लहान दवाखान्यात म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी करंगळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, टोकाचं पेर मेलंय, आजच काढलं तर बाकीचं बोट वाचेल. परवावर टाकलं असतं तर आख्खा पंजा धोक्यात होता. त्यांनी भुलीचं इंजेक्शन भरलं, मग करंगळीला सुई टोचून बघितली आणि इंजेक्शन बाजूला ठेवलं. गरजच नव्हती. मी तिचा डावा हात धरून बसले.

कात्री लावण्याआधी डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "लागतंय का?"

पंचफुलानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "काहीच न्हाई."

'लागतंय का?' या प्रश्नाला तिचं पहिलं खरं उत्तर. ते द्यायला तिला किती धीर लागला, हे मी बघत होते. कात्री चालली, आणि ती आपल्याच बोटाकडे परक्या वस्तूकडे बघावं तसं बघत राहिली. रडले मी. तिनंच डाव्या हातानं माझी पाठ थोपटली.

परतीच्या गाडीत माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दिल्लीला गेले, निबंध मागे घेतला आणि निकाल चुकला आहे असं उभं राहून सांगितलं. कुणीतरी विचारलं, चूक यंत्रात होती का? मी म्हणाले, प्रश्नात होती. नंतर बाकीच्या रुग्णांकडे एकेक करून गेले आणि प्रत्येकाला 'कुठं?' असं विचारलं. बऱ्याच जणांचं 'हो' गळून पडलं.

आता मी सुधारले, असं काही माझं म्हणणं नाही. अजूनही पेशंटनं पटकन 'हो' म्हटलं की आधी बरं वाटतं आणि मग भीती वाटते. नस परत वाढते, निबंध परत लिहिता येतो. पंचफुलाच्या करंगळीचं पेर परत येणार नाही, आणि ते कढईनं नेलं नाही, मी नेलं.