'झालीच तर' खात्यातले भावोजी

माझ्या भावोजींनी उभ्या आयुष्यात एकदाच कुणासाठी नियम वाकवला, आणि त्या एका वेळेने त्यांना असं धरून ठेवलंय की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सुटका नाही. मी त्यांची धाकटी मेहुणी. त्यांच्याबद्दल चांगलं बोलण्याचं काम ताईकडे आहे, माझ्याकडे नाही. पण त्यांच्यावर झालेला अन्याय मला सहन होत नाही आणि त्यांचा स्वभावही सहन होत नाही, म्हणून दोन्ही सांगते.

ते बँकेत हमीपत्रांच्या टेबलावर होते. लग्न ठरायच्या वेळी आमच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करता?" भावोजींनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि समजावायला बसले. बँकेची देणी दोन प्रकारची. एक खरी, आज ना उद्या द्यायचीच. दुसरी 'झालीच तर' देणी. एखाद्या ठेकेदाराने काम अर्धवट टाकलं, तर त्याच्याऐवजी आम्ही पैसे भरू, असं बँक लिहून देते. एखाद्या कारखान्याला सांगून ठेवते, लागलेच तर इतके पैसे तुम्हाला देऊ. कुणी बँकेवर दावा लावलेला असतो, हरलोच तर द्यावे लागतील. हे सगळं मुख्य हिशेबात येत नाही, शेवटी बारीक अक्षरांतल्या टिपेत येतं. "ती टीप मी सांभाळतो," भावोजी म्हणाले. वडील खूश. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. त्या दिवसापासून त्यांचं खातं माझ्यासाठी 'झालीच तर' खातं झालं.

घरीही तोच कारभार. निरभ्र आकाश असलं तरी हातात छत्री. त्यांच्या कुलपाची जादा किल्ली आमच्या घरी. नातेवाइकांत कधी कुणाला जामीन राहिले नाहीत. माझ्या नवऱ्याने दुकानासाठी कर्ज काढलं तेव्हा मी स्वतः जाऊन गळ घातली, तर म्हणाले, "त्यात काय काय होऊ शकतं ते मला माहीत आहे." पुढे बरेच दिवस मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. असा माणूस कात्रीत सापडेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

झालं ते असं. पाणीखात्याने एका ठेकेदाराला मोठी जलवाहिनी टाकायचं काम दिलं होतं आणि त्याची हमी भावोजींच्या बँकेने घेतली होती. ठेकेदाराने काम टाकून पोबारा केला. हमीची मुदत संपायच्या दिवशी पाणीखात्याचा कारकून मागणीचं पत्र घेऊन बँकेत आला, तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. हमीपत्रात स्पष्ट अट होती की मागणी मुदतीच्या आत आणि कामाच्या वेळेत पोचली पाहिजे. कारकुनाची बस वाटेत बंद पडली होती. तो घामाघूम होऊन, कमरेत वाकून, शटरखालून आत बघत होता. भावोजी उठले, स्वतःच्या हाताने शटर वर केलं, त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि पत्रावर पोच म्हणून त्याच तारखेचा शिक्का मारून दिला.

"तुम्ही शटर वर केलंच का?" हे मी त्यांना शंभरदा विचारलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "समोर माणूस उभा होता."

बँकेने पैसे द्यायला साफ नकार दिला. वेळ टळून गेल्यावर आलेली मागणी आम्ही मानत नाही, म्हणाली. पाणीखातं कोर्टात गेलं. तुमच्याच अधिकाऱ्याचा शिक्का आहे, म्हणालं. दावा सुरू झाला तो सुरूच आहे. मधे भावोजी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दरमहा निवृत्तिवेतन येतं, त्यात दोघांचं भागतं. पण शिक्का त्यांचा म्हणून निवृत्तीची एकरकमी मोठी रक्कम बँकेने अडवून ठेवली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत.

खरी मेख पुढे आहे. वर्ष संपलं की बँक आपल्या वकिलाला विचारते, या दाव्यात आपण हरू का? तो हरू म्हणाला, तर बँकेला तेवढे पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात. हरण्याचा प्रश्नच नाही म्हणाला, तर दावा टिपेतून जातो आणि भावोजींची रक्कमही सुटते. वकील दरवर्षी मधलं उत्तर देतो, 'सांगता येत नाही.' त्याचं काय बिघडतंय? त्याची फी सुरू राहते, बँकेचे पैसे जागच्या जागी राहतात आणि भावोजी वर्षानुवर्षं टिपेत राहतात.

त्यांच्यापेक्षा जास्त अडकलीय ती माझी ताई. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे पार गेलेले. त्या रकमेतून पलीकडच्या गल्लीतलं तळमजल्याचं घर घ्यायचं दोघांनी कधीचं ठरवलेलं. ताई आता जिना उतरतच नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, भाजीवाला त्यात भाजी टाकतो. मी आले की वरूनच हाक मारते. एकदा मला म्हणाली, "अगं, एकदा रस्त्यावर उभं राहून आपली गॅलरी बघायचीय. खालून कशी दिसते ते विसरलेय मी." मला रडू आलं. मी भाजी निवडायला घेतली.

आणि मग यंदा बँकेच्या कायदा खात्यातला अधिकारी घरी आला. तीन मजले चढून धापा टाकत बसला. वयाने तरुण, बोलायला गोड.

"साहेब, एक निवेदन हवंय तुमचं. ते पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पडलेलं सापडलं आणि शिक्का चुकून आदल्या तारखेचा पडला, एवढंच."

"पण तसं झालं नव्हतं," भावोजी म्हणाले.

"बँक खोटं लिहा म्हणत नाहीये, साहेब. इतक्या वर्षांनी तुम्हाला नीट आठवतंय का, एवढंच विचारतेय. हे आलं की वकील लगेच लिहील, धोका नाही म्हणून. मग तुमची रक्कम मोकळी."

तो गेल्यावर ताई म्हणाली, "करून टाका हो सही." भावोजी बराच वेळ दोरीला लटकणाऱ्या टोपलीकडे बघत होते. मग म्हणाले, "करतो."

तळमजल्याच्या घराचा मालक अजून थांबला होता. ताईने त्याच दिवशी जुनी वर्तमानपत्रं काढून भांडी गुंडाळायला घेतली. मी हसले, तर मलाच दटावलं. "तुला काय माहीत, माझ्याच्याने एका दिवसात होणार आहे का?" कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा खणखणीत निघाला होता.

सहीच्या दिवशी मी मुद्दाम भावोजींसोबत बँकेत गेले. त्यांचा भरवसा नव्हता मला. त्यांनी कागद वाचला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "मग पत्र उशिरा टाकल्याचा ठपका कुणावर येणार?"

"त्यांच्या कारकुनावर. तो त्यांचा प्रश्न आहे, साहेब. त्याचीही रक्कम अडवलीय म्हणे त्याच्या खात्याने."

भावोजींनी टोपण परत लावलं. अधिकारी काहीबाही बोलत राहिला, मीही बोलले. ते फक्त म्हणाले, "तो उशिरा आला, पण आला होता. मी पाहिलंय त्याला."

रस्त्यावर मी त्यांना नको नको ते सुनावलं. सख्ख्या मेहुणीला जामीन राहिला नाहीत आणि त्या परक्या माणसाला राहताय? ताईला काय सांगणार? ते खाली मान घालून चालत होते. मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कारच वाटला.

ताईने गॅलरीतून आम्हाला येताना पाहिलं होतं. आम्ही वर पोचलो तेव्हा ती गुंडाळलेल्या भांड्यांमधे बसली होती. भावोजींनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

तिने एकच विचारलं. "त्या कारकुनाच्या घराला जिना आहे का?"

"माहीत नाही," भावोजी म्हणाले.

"विचारायचं तरी."

ती भांडेल, रडेल, निदान माझ्या बाजूने दोन शब्द बोलेल, याची मी वाट बघत होते. तिने डोळे पुसले आणि एक पुडकं माझ्याकडे सरकवलं.

"आधी यातली कढई बाहेर काढ," ती म्हणाली, "संध्याकाळी लागेल."