हेल्मेटातला म्हातारा

सीमेवरच्या त्या पोस्टवर आम्ही दोघं सिग्नलचे जवान. लान्स नायक बिरू शिरूरकडच्या कवठे येमाई गावचा. मी रफिक, दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. लहानपणापासून मी मुखदुर्बळ. समोरचा उत्तरासाठी तोंडाकडं पाहू लागला की माझी बोलती बंद. वायरलेसवर मात्र खणखणीत बोलायचो, कारण तिथं समोर माणूस दिसत नाही. बाकी सगळीकडं माझ्या वतीनं बिरूच बोलायचा. कँटीनमध्ये, साहेबांपुढं, रजेवर येताना गाडीतल्या टीसीशीसुद्धा.

"ह्येचं तोंड पेन्शन घिऊन बसलंय," असं सांगून लोकांना हसवायचा.

एका दुपारी गोळाबारीत टेलिफोनची लाईन तुटली. बिरू जोडायला गेला. मी बंकरमध्ये हँडसेट धरून बसलो. थोड्या वेळानं आवाज आला.

"लाईन ओके. चा ठेव."

"ठेवतो."

पुढचा गोळा तिथंच पडला.

त्यानंतर मी कामापुरतंही बोलेनासा झालो. फौजेतून बाहेर पडलो, पण एक काम राहिलं होतं. बिरूचा शेवटचा आवाज मी एकट्यानं ऐकला होता. ते त्याच्या वडिलांना जाऊन सांगायचं होतं. दोनदा शिरूरपर्यंत गेलो आणि स्टँडवरूनच परतलो. स्वतःची फार लाज वाटली.

पुण्याच्या दवाखान्यात एक मेजर डॉक्टर तेव्हा एका नवीन यंत्रानं इलाज करून पाहत होते. डोक्यावर जड हेल्मेट, डोळ्यांपुढं छोटे पडदे. आत कॉम्प्युटरनं काढलेली खोली आणि खुर्चीवर एक म्हातारा. मी मान वळवली की खोलीही फिरायची. मेजरनी बटण दाबलं की म्हातारा विचारायचा, "तुमचं नाव काय?"

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "रफिक. ओव्हर."

मेजर पोट धरून हसले. म्हातारा हसला नाही, त्याला तेवढं येत नव्हतं. पण मी गप्प राहिलो तरी तो वैतागत नसे. परत विचारायचा. हळूहळू मला त्याची सवय झाली.

मग एकदा त्यानं विचारलं, "माझ्या मुलाचं काय झालं?" मी हेल्मेट काढून बाहेर पळालो. त्याच प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायला पुढं बरेच आठवडे लागले. मेजर म्हणाले, "आता खऱ्या घरी जा."

गेलो. बिरूच्या वडिलांनी, आबांनी, ओट्यावर घोंगडी अंथरली. पाणी आलं, चहा आला, पिठलं-भाकरी आली. आबा मेंढरांचं बोलले, कांद्याचं बोलले. मी प्रश्नाची वाट पाहत होतो. यंत्रात प्रश्न आधी यायचा. इथं कुणी काही विचारेचना. परतीच्या एसटीची वेळ झाली, तशी आबा फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी समोर दिसली.

"आबा..." मी म्हणालो. पुढं शब्द फुटेना.

आबांनी हातानंच एसटीला पुढं जायला सांगितलं आणि कडेच्या दगडावर बसले.

"सावकाश," ते म्हणाले. "बिरू सांगायचा, रफिकला बोलाया येळ लागतो. त्येला इचारायचं न्हाई, घाई करायची न्हाई. म्हून तर सकाळपास्नं थांबलोय."

मग मी सगळं सांगितलं. गोळाबारी, तुटलेली तार, त्याचा आवाज. आबा खाली बघून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"चा ठिवला व्हता का?"

"ठेवला होता, आबा. दोघांचा."