आमेनच्या आधीचा चहा

गंमत सांगते तुम्हाला. आमच्या गुरुवारच्या प्रार्थनासभेत पूर्वी चहा आधी मिळायचा आणि प्रार्थना नंतर.

मी लग्न होऊन खालापूरला आले तेव्हा इथे ख्रिस्ती घरं मोजकीच होती. चर्च लांब, कर्जतला. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी कुणा एकाच्या घरी जमायचं, आणि पाळी फिरत राहायची. खरी मजा यायची ती माझ्या मैत्रिणीची पाळी असली की. ती राहायची चौक गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या वाडीत. कुडाचं घर, सारवलेली जमीन. गवती चहाचा वास बांधावरूनच यायचा. कोरा चहा, बिनदुधाचा. पेले पुरायचे नाहीत म्हणून आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शेवटी प्यायचे, आणि ही त्यांनाही दमात घ्यायची, "प्या बिगी बिगी. मंग जायाचं हाय."

कुठे जायचं, ते कुणालाच ठाऊक नसायचं! एक गीत व्हायचं, बायबलमधला उतारा वाचायचा, आणि मग ही डोळे मिटून, शेजारणीला हाक मारावी तशी विचारायची, "देवा, आज कोनाकडं जाऊ?" आम्ही सगळे गप्प बसायचो. थोड्या वेळाने कुणाच्या तरी मनात कुणाचं तरी नाव यायचं, ते बोलून दाखवायचं. आमेन झालं की पायात चपला, आणि निघालो.

एकदा वाडीतल्या एका तापट म्हाताऱ्याचं नाव आलं. आम्हाला बघून तो अंगणातूनच ओरडला, "आलं गं भजनवालं! मला काय शिकवाया आलाव?"

"नाय रं दादा," ही म्हणाली, "आभाळ बघ. तुजा पेंढा भिजंल, तो आत टाकाया आलूय."

आणि खरंच आम्ही सगळ्यांनी भारे उचलले. मी नव्या साडीत, पाळक इस्त्रीच्या सदऱ्यात. शेवटचा भारा आत गेला आणि सर आली. म्हातारा दारात उभा राहून म्हणतो, "मानसं बरी हायत. पर या पाळकाला पेंढा बांधाया येत नाय." परतताना आम्ही भिजत, हसत खाली उतरलो. देव माझ्या इतक्या जवळून चालतोय असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, चहा नंतर ठेवू या, म्हणजे निवांत पिता येईल. त्यात वावगं काय होतं, सांगा? चहा नंतर आला, त्याच्यामागून बिस्किटं आली, मग पोहे, मग ढोकळा. आमेन म्हटलं की आत बशा वाजायला लागायच्या. खायला बसलेला माणूस उठून कुठे जातोय! सैतान शिंगं घेऊन आला असता तर आम्ही ओळखला असता हो, पण ढोकळ्याला कोण ओळखणार? मैत्रिणीने दोनदा आजारपण सांगितलं आणि नंतर सरळच म्हणाली, "तुमच्यावानी खायाला घालनं मला जमत नाय. माजी पाळी काडा." आणि आम्ही काढली.

आता मी मुलाकडे असते, शेलूला. चकचकीत फरशी, सभेला खुर्च्या. मध्यंतरी एका गुरुवारी मी म्हटलं, पुढची सभा वाडीत, माझ्या मैत्रिणीकडे. लगेच सुरू झाले सगळे. गाडी वर जात नाही. अंधार पडेल. सून म्हणाली, "आई, तुमचे गुडघे!" एक गृहस्थ म्हणाले, "ताई, त्यांनाच खाली आणू ना, गाडी पाठवतो."

"पाहुणी म्हणून नकोय ती मला," मी म्हटलं. "तिची पाळी तिला परत द्यायचीय."

तिला विचारायला मी स्वतः गेले. ती काही ऐकेना. "नगं गं बाय. तुमची मानसं आता खुर्चीवरची."

"चहा आधी देशील का?"

तिने चुलीत एक लाकूड सरकवलं. "कोरा देईन," म्हणाली.

गुरुवारी आम्ही थोडेच जण निघालो. सुनेने गुपचूप पिशवीत केक घेतला होता. वर पोचलो, चहा प्यायलो, गीत झालं. मग तिने डोळे मिटले. "देवा, आज कोनाकडं जाऊ?"

आणि सभेत कधी तोंड न उघडणारी माझी सून हळूच म्हणाली, "येताना पहिल्या घराच्या दारात एक बाई बसली होती. आपल्याला बघून तिने दार लावून घेतलं."

मैत्रिणीने खाडकन डोळे उघडले. "ती व्हय? माजी सून हाय ती. येगळी ऱ्हाते, बोलत नाय माज्याशी. तिकडं नाय जायाचं. दुसरं कोन तरी आठवा."

कुणालाच दुसरं कुणी आठवेना. आठवत असेलही, पण कुणी बोललं नाही.

"आमेन," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

"लई चालू हायस गं तू," ती पुटपुटली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, तशीच मीही उठले. माझ्या सुनेने केकची पिशवी पुढे केली, तर मैत्रीण म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते." चुलीवरचं पातेलं तिने पदराने धरलं आणि आमच्यापुढे चालायला लागली.

बंद दारापाशी ती थांबली. पातेल्यातला चहा डुचमळत होता.

"अगं ए," तिने हाक मारली, "दार उगड. चा आनलाय. कोरा हाय."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग कडी वाजली.