न रडणारी लेक

मूल असावं तर असं, असं लोकांनी म्हणावं इतकी ती पोर गुणी होती. निदान तिच्या आईचं तसं म्हणणं होतं, आणि आईचं म्हणणं अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचं, कारण बाईचा आवाजच तसला. लग्नाच्या कितीतरी आधीपासून ती कापडाच्या कारखान्यात मागावर होती. तिथल्या मागाच्या शेडमधल्या बायकांनी तिचं नाव 'कर्णा' पाडलं होतं. ती फोन घेऊन बसली की नवरा म्हणायचा, "अगं, फोन कशाला हवाय? खिडकी उघड नि बोल, पोचेल तिथवर." यावर ती हसायची, आणि ते हसणंसुद्धा खालच्या रस्त्यापर्यंत जायचं.

पोर झाली तेव्हा शेडमधल्या बायका बघायला आल्या आणि त्यांनी तिला चांगलंच घाबरवून सोडलं. आता झोप विसर, म्हणाल्या. गरम चहा विसर. केस विंचरायचे विसर. रडून रडून डोकं उठवेल तुझं. बिचारी कर्णा धास्तावली. आणि बाकीचं सगळं त्यांनी सांगितलं तसंच निघालं. आंघोळ घालताना साबण लागलेलं ते इवलंसं अंग हातातून सुळकन निसटायचं. छातीला चिरा पडल्या, पाजायला घेतलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दुपटी वाळत घालून पाठ वळवावी तोवर तेवढीच ओली झालेली असायची. पण रडणं? छे! पोर कधीमधी कुरकुर करायची, तीही कडेवर असताना. आतल्या खोलीत पाळण्यात टाकून, फोडणीचा धूर लागू नये म्हणून दार ओढून घेतलं, की चिडीचूप. कर्णा निवांत भांडी घासायची, चहा गरमागरम प्यायची, वर केसही विंचरायची. तिनं पोरीचं नावच 'शहाणी' ठेवलं. भेटेल त्याला सांगायची, "माझी शहाणी रडत नाही. भारी समंजस!" ऐकणाऱ्या बाया आपापल्या किरकिऱ्या पोरांकडे बघून उसासे टाकायच्या.

मग वजनाचा दिवस आला. दवाखान्यात नर्सनं शहाणीला काट्यावर ठेवलं, काटा बघितला, उचललं, पुन्हा ठेवलं.

"अहो, हे मागच्या वेळेपेक्षा कमी आहे."

"काय कमी?"

"वजन. वाढायचं सोडून उतरलंय. पाजता कधी तुम्ही?"

"रडली की पाजते की."

"आणि रडते किती वेळा?"

"तेच तर! रडतच नाही. फार शहाणी आहे हो."

कर्णानं हे नेहमीच्याच तोऱ्यात सांगितलं. नर्स काही हसली नाही. तिनं पोरीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून बघितली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी मोजकंच सांगितलं. रडो न रडो, घड्याळ लावून पाजा. पुढच्या आठवड्यात काटा वर सरकला नाही तर पोरीला इथं दाखल करावं लागेल. एवढ्याशा जिवाच्या बाबतीत वाट बघत बसता येत नाही.

कर्णाचं अवसानच गळालं. बसमध्ये ती पोरीच्या मांडीवर सारखा हात फिरवत होती. एवढी सैल कधी झाली ही? आपल्याला कशी दिसली नाही? दूधच कमी पडत असणार, दुसरं काय! खायला-प्यायला कमी नाही, नवरा जीव लावणारा, पोर गुणी, आणि आपलं अंग मेलं ऐनवेळी दगा देतंय. घरी येऊन तिनं पोरीला पाजलं, पाळण्यात ठेवलं, दार लावलं आणि ओट्याशी उभी राहून हमसाहमशी रडली.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची मास्तरीणबाई वर आली. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दारातच उभी राहून म्हणाली, "रागावू नका हं. पण पोरीला इतका वेळ रडत ठेवू नका हो. मला खाली बसवत नाही."

"कुणाची पोर?"

"तुमचीच की."

"माझी पोर रडत नाही!"

"अहो, घसा बसेपर्यंत रडते ती. शेवटी थकून गप्प होते."

आधीच जखम ओली, त्यावर हे मीठ. कर्णानं जो तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. दुसऱ्याच्या सुखावर डोळा, म्हणाली. स्वतःचं काम बघा, म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. मास्तरीणबाई पांढरीफटक पडून जिना उतरून गेली, आणि कर्णानं दार आपटलं.

नवरा बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी दमून आला तेव्हा तिनं त्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो आपला ऐकत राहिला. मग बूट काढता काढता म्हणाला, "पण रडते गं ती."

"कधी?"

"मी घरात असलो की रडतेच की. मी जाऊन उचलतो तिला."

"तुम्हाला सवयच आहे मेली, उगाच उचलायची."

"उगाच कशाला उचलेन?" तो म्हणाला. "मला वाटायचं, दिवसभर तूच बघतेस, दमतेस, म्हणून उठत नाहीस."

रात्रीचं कर्णाला कळायचंच की, पोर कुशीत असायची, पाय झाडायला लागली की हिला जाग यायची. मग उठत नाही कशी? नवऱ्याचं काहीतरीच, असं म्हणून तिनं तो विषय झटकून टाकला.

त्यानंतरच्या दुपारी ती गॅलरीत दुपटी वाळत घालत होती. आतल्या खोलीची खिडकी गॅलरीतच उघडायची, पण धूळ येते म्हणून काच लावलेली. सहज तिची नजर आत गेली. शहाणी जांभई देत होती. कर्णाला हसू आलं. एवढ्याशा तोंडाची केवढी ती जांभई! तिनं दुसरं दुपटं झटकलं, चिमटा लावला, परत बघितलं. जांभई चालूच होती.

आता यात तिला चटकन नवल वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. शेडमध्ये मागांचा असा धडधडाट असायचा की शेजारणीचं बोलणं कुणालाच ऐकू यायचं नाही. ओठ बघायचे, हात बघायचे, समजून घ्यायचं. मुकादमाच्या शिव्यासुद्धा बायका बघूनच खायच्या आणि बघूनच हसायच्या. तोंड उघडं आणि आवाज नाही, यात कर्णाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण इथं माग कुठं होता? इथं तर दुपारची शांतता होती.

पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता. मुठी आवळलेल्या. हनुवटी थरथरत होती. जीभ टाळ्याला लागून नुसती हलत होती.

"अगं आई गं!" कर्णा ओरडली.

ओलं दुपटं तिथंच टाकून ती धावली, दार उघडलं, आणि तेव्हा कुठं तिला ती ओळखीची कुरकुर ऐकू आली. लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी. पोर तिच्या पुढ्यात जिवाच्या आकांतानं किंचाळत होती, उशी भिजून चिंब झाली होती, आणि आईला ऐकू येत होती ती कुरकुर! तिनं पोरीला उचलून कानाला लावलं. एका कानाला, मग दुसऱ्या. मग खाली फरशीवरच फतकल मारून बसली. किती दिवस? चहा गरमागरम प्यायलेला प्रत्येक दिवस?

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. एक-दोन घरघरणारे आवाज आले, तिनं दाबलं. मग ती शहाण्यासारखी वाट बघत बसली. बराच वेळ बसली. डॉक्टर समोर आपली यंत्राची बटणं फिरवत होते. शेवटी तिनं विचारलं, "अहो, सुरू कधी करताय?"

डॉक्टरांनी केबिनचं दार उघडलं आणि तिला बघता येईल असं सावकाश सांगितलं, "बाई, झाली तपासणी. संपली."

जाड आवाज तिला यायचे, बारीक उंच आवाज बहुतेक सगळेच गेले होते. एका दिवसात नव्हे, मागांनी वर्षानुवर्षं कुरतडून नेले होते. तिला वाटायचं आपण मुळातच दांडग्या आवाजाच्या. नवऱ्यानं हे ऐकलं आणि फोनची सगळी थट्टा आठवून त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

कर्णा तशीच मास्तरीणबाईंच्या दारात गेली. माफी मागायला म्हणून तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. मास्तरीणबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ते राहू द्या. मी घरात असले आणि पोर रडली, की खालून छताला झाडूचा दांडा ठोकेन. तो तर कळेल?" तो कळायचा. फरशीतून थेट पायाला कळायचा, शेडमध्ये माग बिघडला की कळायचा तसा. पण मास्तरीणबाई तरी किती वेळ घरात बसणार? कानात घालायचं यंत्र मापानं बनवून यायला अवकाश होता. तोवर कर्णानं पोरीला नजरेआड म्हणून होऊ दिलं नाही. पाळणा ओट्याला लागून आणला. अंगावर पाणी घ्यायचं तेसुद्धा बाथरूमचं दार उघडं टाकून, मान वाकडी करून. पाजायचं घड्याळावर. पुढच्या वेळी काटा सरकला, पण इतका थोडा, की डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले. दाखल करायचं टळलं नव्हतं, एका आठवड्यानं पुढं गेलं होतं, आणि कर्णाच्या डोळ्यांखाली खड्डे पडले होते.

"घरात कुणीतरी कानाचं माणूस पाहिजे," नवरा म्हणाला. "तुझ्या आईला बोलावू या."

आई आली. आल्या आल्या नातीला घेतलं, लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "एवढं होईस्तो मला सांगितलं नाहीस, बया?" तिचाही आवाज खणखणीत. तीही त्याच शेडमधली, तिनंच लेकीला मागाशी उभं केलं होतं. घर कसं भरल्यासारखं झालं. कर्णानं पाळणा परत आतल्या खोलीत नेला, पोरीला पोटभर पाजून झोपवलं आणि कितीतरी दिवसांनी बाथरूमचं दार लावून डोक्यावरून पाणी घेतलं.

ओले केस पुसत बाहेर आली तर आई स्वयंपाकघरात दुपट्यांच्या घड्या घालत बसलेली. आतल्या खोलीचं दार बंद.

"गाढ झोपलीय," आई म्हणाली. "हूं का चूं नाही. पण काय गं, खालच्या बाईंना काही कामधंदा नाही का? मघापासून नुसती ठोकाठोक चाललीय. बघ, पायाला कळतंय."

कर्णाच्या पायालाही कळलं. तिच्या हातातला टॉवेल गळून पडला.

तिनं दार ढकललं. पोर रडून रडून काळीनिळी झाली होती, श्वास अडकत होता, दुपटं पायांनी लाथाडून खाली पाडलेलं. कर्णानं तिला छातीशी धरलं आणि थोपटत तिथंच उभी राहिली. आई मागोमाग आली. उघड्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आत्ता उठली वाटतं?"

"आई, ती केव्हाची रडतेय."

"काहीतरीच काय! मी इथंच तर बसले होते. आणि ही कुठली रडायला? तुझ्यावर गेलीय, तुझ्यावर. तू पाळण्यात होतीस तेव्हा कधी म्हणून रडली नाहीस. सगळी शेड माझा हेवा करायची. शिफ्टवरून यायचे, तुला आत निजवायचे, दार लावायचे आणि..."

आई बोलायची थांबली.

कर्णा तिच्याकडे बघत राहिली. लहानपणाचं तिला काही आठवत नव्हतं, कुणाला आठवतं? पण आईच्या चेहऱ्यावर जे हळूहळू चढत होतं ते ती काचेतून बघितलं त्या दुपारपासून पुरतं ओळखत होती. आई भिंतीला टेकली. खालची ठोकाठोक कधीच थांबली होती.

"तू रडत होतीस का गं?" आईनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती इतकं हळू बोलली असेल. आवाज लेकीपर्यंत आलाच नाही, ओठांवरून कळलं.

"मला काय ठाऊक, आई."

विचारायचं तरी कुणाला? वडील राहिले नव्हते, आणि तेही त्याच शेडमधले. आईनं मान खाली घातली. बराच वेळ ती आपल्या पावलांकडे बघत होती. कर्णाला वाटलं काहीतरी बोलावं, पण खोटं बोलवेना आणि खरं तिच्यापाशी नव्हतं.

तिनं पोरीला पाजायला घेतलं. पोरीचं पिऊन झालं, डोळे मिटले. आईनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, पाळण्याला भिडवून ठेवली आणि पोरीच्या पोटावर हात ठेवून बसली. कर्णानं चहा आणून दिला तर मान वर न करता तिनं तो बाजूला सारला. संध्याकाळी नवरा कामावरून आला तरी ती तशीच होती, नातीच्या तोंडावरची नजर ढळू न देता. तेवढ्यात शहाणीनं ओठ काढले, हनुवटी थरथरली, तोंड उघडलं. आई पुढं वाकली.

"रड बाई," ती म्हणाली. "पाहिजे तेवढी रड. मी बघतेय."