बाबांचा पासवर्ड

बाबांचा जुना कॉम्प्युटर तारकर्लीच्या खाऱ्या वाऱ्याने आतून गंजून मेला, म्हणून मी कणकवलीहून नवा लॅपटॉप आणला. तो सुरू झाला, पण बाबांच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड मागून अडून बसला. माझं डोकं तापायला तेवढं पुरेसं होतं.

बाबांना विचारायची सोय नव्हती. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांची वाचा गेली होती. वाडीतल्या कुठल्याही कार्यात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते बाबांनीच. ते खड्या आवाजात देवाकडे मागणार आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला होकार देणार. ती गाऱ्हाणी त्यांनी हौसेने रेकॉर्ड करून त्या खात्यात ठेवली होती. त्यांचा आवाज आता फक्त तिथे उरला होता, आणि आईला तो ऐकायचा होता. रोज विचारायची. मलाही हवा होता, पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

पासवर्ड बदलायचा तर कोड जुन्या मोबाइल नंबरावर जाणार. तो नंबर आजारपणाच्या धावपळीत बंद पडलेला. मग अंदाज सुरू केले. ग्रामदेवतेचं नाव, आईचं नाव, माझं. प्रत्येक वेळी नकार. बाबा समोर खाटेवर पडून माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं, सांगता मात्र येत नव्हतं. त्या नजरेने माझे हात जास्तच चुकत होते.

आईला एवढंच आठवत होतं की, पासवर्ड विसरलात तर काय, असं तिने एकदा विचारलं होतं. बाबा हसून म्हणाले होते, "तां कसा इसरतलंय? सगळ्या गावाक पाठ आसा."

माझी ट्यूब पेटली. गाऱ्हाण्याला गाव काय म्हणतो? इंग्रजी अक्षरांत, ऑफिसात टिपणी लिहावी तसं शुद्ध, मी टाइप केलं: होय महाराजा. नकार. खाली लाल अक्षरं आली की आणखी एकदा चुकलात तर खातं बंद होईल.

मी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि आईवरच खेकसलो की असले पासवर्ड ठेवतात का, आता विसर तो आवाज. बोललो आणि लगेच वाईट वाटलं. आईने लॅपटॉपसमोर हात जोडले आणि थेट बाबांच्या चालीत सुरू झाली, "बा देवा म्हाराजा, ह्या खोक्याक बुद्धी दी, नायतर माझ्या झिलाक तरी दी रे म्हाराजा."

खाटेवरून उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."

जड, घोगरं, पण स्वच्छ. आई हात जोडलेल्या स्थितीतच बसून राहिली. बाबांना स्वतःलाच धक्का बसला असावा. ते पुढे काही बोलायला गेले, पण नुसता घशातला आवाज निघाला.

होय नव्हे, व्हय. महाराजा नव्हे, म्हाराजा. आयुष्यभर मालवणीत बोललेला माणूस पासवर्ड तरी ऑफिसच्या भाषेत कशाला ठेवील? मी त्यांच्या तोंडून आलं तसं एकेक अक्षर दाबलं. खातं उघडलं.

पहिलंच रेकॉर्डिंग लावलं. बाबांचा जुना, भरदार आवाज खोलीभर झाला. मागणं संपलं, रेकॉर्डिंगमधला गाव होकार द्यायला लागला आणि त्या गावात खाटेवरचे बाबाही मिसळले. "व्हय म्हाराजा." पुढच्या मागण्याला पुन्हा. प्रत्येक वेळी अचूक. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. आईने पदराने पुसलं.

मग ती माझ्याकडे वळली. "तू गप कित्याक रवलंस? म्हण मरे."

मी म्हटलं, त्यांच्यासारखंच.