एकाच बरणीच्या दोन बरण्या

फोटोतली माणसं पुसून टाकण्याचा पगार तुम्हाला मिळत असेल, तर पुसण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे एकदा तरी नीट बघाल का?

मला तो पगार मिळतो. जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या एका छोट्या कंपनीत मी फोटोंपासून थ्रीडी मॉडेल बनवते. वस्तूचे सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो घ्यायचे. सॉफ्टवेअर त्यांतल्या सारख्या खुणा जुळवतं आणि वस्तू स्क्रीनवर उभी राहते. अट एकच, वस्तू हलता कामा नये. पाण्याखाली मासे हलतात, डायव्हर हलतात, म्हणून त्यांना आधी पुसावं लागतं. याला मास्किंग म्हणतात. बरंचसं सॉफ्टवेअर करतं, उरलेलं मी.

त्या सोमवारी स्क्रीनवर एक जहाज होतं, कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटाजवळ बुडालेलं. त्याच्या मागच्या भागात मातीच्या दोन बरण्या दिसत होत्या. दोन्हींचा तोच कान तुटलेला, दोन्हींना तीच चीर. एक तुळईखाली, दुसरी उघड्या वाळूवर. म्हणजे बरणी एकच होती आणि फोटोंच्या दोन फेऱ्यांमध्ये कोणीतरी ती हलवली होती.

फोटो बेटावरच्या स्वयंसेवकांनी काढले होते. एक टॅक्सीवाला, एक शिक्षिका, दोघे मच्छीमार भाऊ. त्यांचा क्लब एक निवृत्त नर्स चालवतात. सगळे त्यांना मिस व्हर्ना म्हणतात, मी मनात व्हर्नाबाई म्हणते. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी पाण्यात उतरतात. त्या जहाजातून माणसं गुलाम म्हणून आणली जात होती, यांचेच पूर्वज. त्यांच्या दृष्टीने तो खजिना नाही, ते थडगं आहे. बेटाच्या पुरातत्त्व खात्याने त्यांना परवानगी दिली होती ती बघण्याची, मोजण्याची आणि फोटो काढण्याची. हात लावण्याची नाही.

आमचा क्लायंट मात्र ड्युसेलडॉर्फचा, प्रदर्शनं भरवणारी कंपनी. त्यांचा फोटोग्राफरही एकदा स्वयंसेवकांबरोबर खाली जाऊन आला होता.

माझा बॉस थॉमस स्क्रीनकडे बघून म्हणाला, "आल्झो, असं कर, एक ठेव, एक डिलीट कर."

"कुठली?"

"चांगली दिसते ती."

थॉमस वाईट माणूस नाही. त्याला डेडलाइन दिसत होती, इतकंच. पण डिलीट करायला उशीर झाला होता. कच्चं मॉडेल नियमाप्रमाणे बेटावरच्या खात्याकडेही जायचं, आणि तिथे कोणीतरी दोन्ही बरण्या पाहिल्या. परवानगी क्लबच्या नावावर, म्हणून जाबही क्लबलाच विचारला गेला. डायव्हिंग तूर्त बंद. खुलासा पटला नाही तर परवानगी कायमची रद्द. क्लायंटने लगोलग कळवलं की आमच्या माणसाने काहीही हलवलेलं नाही, स्वयंसेवक शेवटी हौशी असतात.

हा "हौशी" शब्द मला झोंबला. पूर्वजांच्या थडग्यावर जाणं ही यांची हौस, आणि तिकीट लावून ते दाखवणं हे मात्र काम?

मी व्हर्नाबाईंना व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं होतं त्या चिडलेल्या असतील. त्या वाटाणे सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, चूक आमची असती तर मीच आधी सांगितलं असतं. मग सहज बोलता बोलता त्यांनी क्लबचा पहिला नियम सांगितला.

"नवीन माणूस बोटीवर आला की मी त्याचे हातमोजे काढून घेते. उघडा हात घाबरतो, पोरी. प्रवाळ कापतं, काटे टोचतात. मोजा चढला की हात धीट होतो."

"फोटोग्राफरचेही घेतले?"

"बोटीवर तरी त्याच्या हातात नव्हते. पाण्याखाली कोण बघतंय."

मी बघू शकत होते. खालचे सगळे हात माझ्याकडेच होते, मीच ते पुसले होते. मास्किंग काढून टाकलं आणि मूळ फोटो एकेक करून उघडले. मासे परत आले, डायव्हरांच्या पायांतले फिन्स परत आले, मग हात. सगळे उघडे. फक्त एका फोटोत, मच्छीमार भावांपैकी एकाने काढलेल्या, डाव्या कोपऱ्यात काळा हातमोजा होता. त्याची बोटं बरणीच्या तोंडात होती.

शेजारच्या टेबलावर आमचा सुहासदादा बसतो. मूळचा चिंचवडचा, इथे मुरलेला. मी त्याला फोटो दाखवला. त्याने कोपरा मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "मुक्ता, क्रांती कर. पण प्रोबेत्साइट संपल्यावर कर." प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीतले प्रोबेशनचे महिने. माझे चालू होते.

तरी मी खात्यासाठी ईमेल लिहिली. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या, त्यामुळे मला थोडक्यात लिहिता येत नाही. गुलामगिरी, संग्रहालयं, युरोप, सगळं आलं. पाठवण्याआधी थॉमसला दाखवली.

त्याने शांतपणे वाचली. विचारलं, "मूळ फोटो कोणाच्या मालकीचे?"

"करारात लिहिलंय, क्लबच्या."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग त्यांचा फोटो त्यांना परत दे."

"आणि क्लायंट?"

"क्लायंटशी मी बोलतो. तू फक्त हे बाकीचं काढ."

माझा सगळा मजकूर त्याने पुसला. क्लबला पाठवायला एवढंच उरलं: हा तुमचा फोटो आहे, कृपया डावा कोपरा पाहावा. मला राग आला होता. पण त्या एका वाक्याने जे केलं, ते माझ्या भाषणाने केलं नसतं. भाषणाशी वाद घालता येतो. कोपऱ्याशी काय घालणार?

व्हर्नाबाईंनी तो फोटो खात्याला दिला. फोटोग्राफरने कबूल केलं की तुळईखाली उजेड नव्हता, म्हणून बरणी जराशी बाहेर घेतली होती. क्लबला परवानगी परत मिळाली. क्लायंटने आम्हाला पुन्हा काम दिलेलं नाही. बरणी अजून वाळूवरच आहे, कारण ती परत ठेवायची तरी हात लावावा लागेल.

प्रदर्शनातल्या मॉडेलमध्ये मात्र दोन्ही बरण्या आहेत. क्लबने तसा आग्रहच धरला. खाली पाटी आहे: ही बरणी एका फोटोसाठी हलवली गेली.

धडा कोरडा आहे. नासधूस करायला चोरच लागतो असं नाही, चांगल्या उजेडाची हौसही पुरते.

आता तुमच्याकडे एक मागणं. घरातल्या शोकेसमध्ये एखाद्या किल्ल्यावरून, लेण्यातून, किनाऱ्यावरून उचलून आणलेला तुकडा असेल, तर आज तो बाहेर काढा. कुठे सापडला ते आठवेल तितकं कागदावर लिहा आणि दोन्ही जवळच्या संग्रहालयात नेऊन द्या. आणि पुढच्या सहलीला हात खिशात ठेवा.